युरोचा हिशेब, तारीखवार

जर्मनीत डॉर्टमुंडला शिकायला आल्यापासून सांगली-कोल्हापूरकडच्या मुलामुलींचे फोन येतात, त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचे. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकूण किती लागतात?" मी आकडा सांगते, आणि लगेच विचारते, "कुठल्या महिन्यात किती उभे करू शकाल?" माझ्या पाहण्यात जे अडले, त्यातल्या बहुतेकांकडे पैसे होते किंवा येणार होते. ज्या दिवशी लागत होते त्या दिवशी ते हातात नव्हते, एवढंच.

ही दृष्टी मला अण्णांनी दिली. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. माल आज उचलला जातो, पैसे मुदतीने येतात आणि कुठली मुदत कधी संपते यावर ज्याचं लक्ष त्याचं दुकान चालतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. २०२३ च्या उन्हाळ्यात मी जर्मनीचा विषय काढला तेव्हा एक्सेल शीट तयार करून नेलं होतं, खाली ठळक बेरीज. त्यांनी बेरजेवरून नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, "तारखा कुठायत?" मग भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरलं आणि आम्ही दोघांनी खर्च चौकोनाचौकोनांत वाटायला घेतला. पुढच्या वर्षाचं कालनिर्णय तेव्हा बाजारात आलेलं नव्हतं, म्हणून २०२४ चे महिने वहीत आखले.

मी मेकॅनिकलची. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते आणि मला उत्पादन तंत्रज्ञानात मास्टर्स करायचं होतं. अमेरिका आणि इंग्लंडचा विचार फीचे आकडे पाहूनच संपला. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही. पण हे "बहुतेक" नीट वाचायला हवं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सेमेस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सच्या अशाच नव्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावले. नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालियात, जिथे डॉर्टमुंड आहे, तशी फी नाही. चार सेमेस्टरचे सहा हजार युरो वाचणं आमच्या घरासाठी फार मोठी गोष्ट होती, म्हणून मी विद्यापीठांच्या आधी राज्यांची यादी केली.

प्रवेशाच्या आधीचा खर्च सगळा रुपयांत आणि परत न मिळणारा. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सोळा हजारांवर. एपीएस प्रमाणपत्राचे १८,०००. भारतीय पदव्या तपासून देणारं हे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी सक्तीचं झालं. युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत ज्या विद्यापीठांत अर्ज केले त्यांत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. शिवाय कोल्हापूरहून ट्रान्सक्रिप्ट, कुरिअर, जर्मनच्या प्राथमिक पातळीचा क्लास. सगळं मिळून पाऊण लाखाच्या आसपास, आणि यातला प्रत्येक रुपया माझ्या पगारातून गेला. प्रवेशाचा पत्ता नसताना घरच्यांचे पैसे यात घालायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. एपीएसला आठवडे लागतात आणि काही विद्यापीठं अर्जाबरोबरच ते मागतात, म्हणून सप्टेंबरच्या चौकोनात पहिला मोठा आकडा एपीएसचा होता. एजंट मी केला नाही. सरकारी विद्यापीठाचा अर्ज शांतपणे बसून वाचणाऱ्या कुणालाही भरता येतो, आणि एजंट बहुतेकदा तुम्हाला तो ओळखतो त्या खासगी कॉलेजांकडे वळवतो, जिथे फी असते.

आता कर्ज. मेमध्ये प्रवेशपत्र आलं, पण बँकेत आम्ही फेब्रुवारीतच जाऊन बसलो होतो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका तारण मागतात, आणि तारणाची कागदपत्रं हेच सगळ्यात वेळखाऊ काम. तासगावकडे आजोबांच्या नावावरची जमीन आहे, ती ठेवू असं आधी वाटलं होतं. शेतजमीन चालत नाही असं शाखेत स्पष्ट सांगितलं. मग विश्रामबागेतलं राहतं घर. खरेदीखत, मिळकत पत्रिका, बांधकाम परवाना, घरपट्टीच्या पावत्या. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा मालकीबद्दलचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. बँकेच्या मूल्यांककाची भेट. यातला प्रत्येक कागद काढायला आठवडा-पंधरवडा जातो, आणि वकील व मूल्यांकक यांची फी आपण भरायची असते. ज्यांचं घर वडिलोपार्जित आहे आणि काका-आत्यांची नावं अजून उताऱ्यावर आहेत, त्यांनी तर वर्षभर आधी सुरुवात करावी, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

आईला घर गहाण ठेवणं जड गेलं. नातेवाइकांत "पोरीच्या लग्नाचं काय" हा सूरही होताच. अण्णांनी तिला व्याजाचं गणित मांडून दाखवलं आणि त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. मला त्या दोघांविषयी जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

गणित असं होतं. दोन वर्षांसाठी १८ लाख मंजूर करून घ्यायचे, पण उचलायचे लागतील तेव्हाच. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, मंजूर रकमेवर नाही. शिवाय परदेशी शिक्षणाच्या कर्जात बँक साधारण ८५ टक्के देते, १५ टक्के मार्जिन आपलं. आणि हे मार्जिन पैसे बाहेर पाठवण्याच्या दिवशी खात्यात हजर लागतं. मोठमोठ्या बेरजा करणारी माणसं इथे बेसावध सापडतात. आमचं मार्जिन दीड लाखाच्या वर जात होतं. आईची पोस्टातली आरडी जूनमध्ये पिकत होती, म्हणून पैसे पाठवण्याची तारीख तिच्या पुढची धरली. हप्ता कोर्स संपून वर्षभराने सुरू होणार असला तरी तोवरचं साधं व्याज दरमहा भरत राहिलं तर काही बँका दरात थोडी सवलत देतात. सुरुवातीला अण्णा ते भरत होते, आणि जुन्या करप्रणालीत असल्यामुळे ८०ई कलमाखाली त्या व्याजाची वजावट त्यांना मिळत होती.

ज्यांना कर्जाशिवाय वाट शोधायची आहे त्यांनी दोन दारं तरी ठोठवावीत. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देत आलं आहे. आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडंही येतं.

जर्मनीच्या खर्चाचा कणा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम व्हिसाच्या आधी जर्मनीतल्या एका बंद खात्यात भरायची, आणि तिथे पोहोचल्यावर ती दरमहा बाराव्या हिश्शाने आपल्याला मिळते. मी अर्ज केला तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती, महिन्याला ९३४. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली, महिन्याला ९९२. माझी फाइल त्याआधी गेली होती. माझ्याच कोर्सच्या एका मुलाला उशिराची अपॉइंटमेंट मिळाली आणि त्याला आणखी ६९६ युरो पाठवावे लागले, म्हणजे साठ हजारांच्या वर, तेही काही दिवसांत. अशा रकमा बदलतात तेव्हा फार आधी कळत नाही, म्हणून शेवटच्या आकड्यावर पाच-सात टक्के जास्तच धरून चालावं. खातं उघडून देणाऱ्या कंपन्या सुरुवातीचे नव्वदेक युरो आणि महिन्याला पाचेक युरो घेतात, तेही या रकमेवर.

पैसे पाठवण्याचा दिवस मला बारीकसारीक तपशिलांसह आठवतो. शाखेत परदेशी व्यवहार रोज होत नाहीत, म्हणून आम्ही आदल्या दिवशी फोन करून गेलो होतो. पैसे परदेशी पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, प्रवेशपत्र, पासपोर्टची प्रत, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र. अधिकाऱ्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. डीईने सुरू होणारा बावीस अक्षरांचा आयबॅन, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून चार-चारच्या गटाने मोठ्याने वाचला, मी कागदावर बोट ठेवून पडताळला, मग उलटीकडून एकदा. शेरा म्हणून खात्याचा संदर्भ क्रमांक टाकायचा होता; तो नसेल तर पैसे पोहोचूनही कुणाचे ते कळत नाही. शेवटचा रकाना चार्जेसचा. तिथे "आवर" निवडायचं, म्हणजे वाटेतल्या सगळ्या बँकांचा आकार पाठवणाऱ्याने भरायचा. नाही तर मधली बँक पंधरा-वीस युरो कापून घेते, खात्यात रक्कम तेवढी कमी पोहोचते आणि व्हिसासाठी लागणारं पत्रच मिळत नाही. तरीही आम्ही ऐंशी-नव्वद युरो वरचे पाठवले होते.

दर हा वेगळाच विषय. त्या दिवशी गुगलवर युरो नव्वदच्या आसपास होता, बँकेचा विक्रीचा दर त्याहून दीड रुपयाने चढा. दीड रुपया ऐकायला काहीच नाही, पण ११,३०० युरोवर तो सतरा हजार होतो. आम्ही आधी दोन बँकांचे आणि एका फॉरेक्स कंपनीचे दर एकाच दिवशी, एकाच वेळी विचारून ठेवले होते. कर्ज देणाऱ्या शाखेने ते पाहून थोडं कमी केलं. दर ठरवताना घासाघीस चालते हे बहुतेकांना माहीत नसतं. अण्णांसाठी ते रोजचं काम.

टीसीएसचं, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराचं, गणितही याच वेळी समोर येतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाला सात लाखांच्या वर बाहेर पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशावर कर्जातून असेल तर अर्धा टक्का आणि स्वतःच्या पैशातून असेल तर पाच टक्के कापला जाई. आमचे साडेतीन लाखांच्या आतबाहेर या मर्यादेच्या वर जात होते. कर्जामुळे सोळा-सतराशे रुपयांत भागलं, नाही तर सोळा-सतरा हजार अडकले असते. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण मधले महिने तो आपल्याकडे नसतो. एप्रिल २०२५ पासून मर्यादा दहा लाख झाली आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशावर टीसीएस उरला नाही.

इथवरचं बहुतेक घरं नीट करतात. खरा अडचणीचा काळ विमानातून उतरल्यावरचे पहिले आठवडे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दहा लाख असतात आणि खिशात काही नसतं. पैसा सुटायला जर्मनीतलं चालू खातं लागतं, बऱ्याच बँकांना खात्यासाठी पत्त्याची सरकारी नोंदणी लागते, नोंदणीला घरमालकाचं पत्र लागतं, आणि घर घ्यायला अनामत लागते. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागता येते; मूळ भाडं म्हणजे हीटिंग वगैरे सोडून. मला एमिल-फिगं रस्त्यावरच्या वसतिगृहात खोली मिळाली, कारण प्रवेशपत्र येण्याआधीच प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं. अनामत, पहिलं भाडं, गादी-पांघरूण, रेसिडेन्स परमिटची शंभरेक युरो फी, आणि ऑक्टोबरातच लागणारा जाड कोट. विद्यापीठाच्या सेमेस्टर वर्गणीचे तीनशेच्या घरातले युरो तर नोंदणीसाठी सांगलीतूनच भरले होते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग देशभर चालणाऱ्या सेमेस्टर तिकिटाचा. पहिल्या दोन महिन्यांसाठी मी पगारातून साठवलेले १,५०० युरो फॉरेक्स कार्डावर आणले होते आणि ते जवळजवळ सगळे लागले. ही रक्कम बहुतेकांच्या अंदाजपत्रकात नसतेच, म्हणून फोनवर मी सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर बोलते. अनामत खोली सोडताना परत मिळते, तोवर ती आपली धरायची नाही.

महिन्याचा खर्च बसला की मग फार बदलत नाही. खोलीचे वीज-हीटिंगसकट ३३० युरो. आरोग्यविमा सक्तीचा, मी आले तेव्हा १३० च्या आसपास, जानेवारी २०२५ पासून १४५ च्या घरात. विद्यार्थी दराचा सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो, त्यामुळे पाच-सहा वर्षं नोकरी करून येणाऱ्यांनी हे आधी तपासावं. रेडिओ-टीव्हीचा आकार घरामागे १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. आम्ही तिघी एका सामाईक दारामागे राहतो म्हणून तो वाटून घेतो. जेवणावर मी १८० खर्च करते. पीठ, तांदूळ, डाळ, कांदे, दूध, अंडी हे सगळं स्वस्त दुकानांत मिळतं. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खाणावळीत, जेवते. ज्वारीचं पीठ आणि कांदा-लसूण मसाला घरून. इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर मी सामानात आणला आणि त्याने वजनाचा पुरेपूर मोबदला दिला. दर महिन्याला पन्नास युरो सेमेस्टरच्या वर्गणीसाठी बाजूला पडतात, म्हणजे मार्च आणि सप्टेंबर जड जात नाहीत. आजी थकली आहे, म्हणून परतीच्या एका तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत. त्यांना मी कशासाठीही हात लावत नाही.

नोकरीच्या भरवशावर पहिल्या सेमेस्टरचं गणित मांडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, हे सगळं खरं. पण काम मिळायला वेळ लागतो, चांगल्या कामाला जर्मन लागतं, आणि पहिल्या परीक्षा फेब्रुवारीत येऊन ठेपतात. रात्रपाळीत गोदामात उभी राहून पेपर सोडून दिलेली मुलं मी पाहिलीत. एक पेपर मागे राहिला की सेमेस्टर वाढतं, आणि वाढलेलं सेमेस्टर कमावलेल्यापेक्षा महाग पडतं. मी पहिले सहा महिने फक्त अभ्यास आणि जर्मनची पुढची पातळी केली. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीत वर्कष्टुडंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करणारी, म्हणून आठवड्याला अठरा तास काम करते, तासाला १५ युरोने. पेन्शनची वर्गणी वजा जाता महिन्याला १,०५० च्या वर हातात येतात.

हे वेळेत झालं ते बरंच झालं, कारण ब्लॉक्ड अकाउंट एकच वर्ष पुरतं. दुसऱ्या वर्षी परमिट वाढवताना निर्वाहाची सोय पुन्हा दाखवावी लागते, तेव्हाच्या रकमेने आणि तेव्हाच्या दराने. २०२५ च्या गणपतीत युरो शंभरी ओलांडून गेला होता. पहिल्या वर्षाला आम्हाला सव्वादहा-साडेदहा लाख लागले. दुसऱ्या वर्षाचे ११,९०४ युरो सांगलीतून पाठवायचे झाले असते तर बारा लाखांच्या वर गेले असते, आणि अंदाजपत्रक करताना दोन्ही वर्षांना एकच दर लावणाऱ्यांची इथेच ओढाताण होते. आम्ही दुसऱ्या वर्षाला युरो ९८ धरला होता. प्रत्यक्ष दर त्याहूनही वर गेला, पण मला कामाच्या करारावर आणि पगाराच्या पावत्यांवर परमिट मिळालं. कर्जाचा दुसरा हप्ता उचलावाच लागला नाही. आता उलटं झालंय: साडेआठ-नऊ लाखांचं व्याज महिन्याला साडेसात हजारांच्या आत येतं, ते ऑक्टोबरपासून मी इथून पाठवते, आणि रुपया उतरला की मला कमी युरो लागतात.

पुढचा चौकोन प्रबंधाचा. इथे बरेच जण चारऐवजी पाच सेमेस्टर घेतात. एक सेमेस्टर वाढलं तर वर्गणी आणि सहा महिन्यांचा निर्वाह, म्हणजे सहा हजारांच्या वर युरो. ते पगारातून निघतील, मात्र प्रबंधाच्या काळात कामाचे तास कमी होतील हे धरून मी आत्तापासून महिन्याला दोनशे बाजूला टाकते. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचं परमिट मिळतं, पण नाव विद्यापीठातून कमी झालं की विमाही विद्यार्थी दराचा राहत नाही. हप्ते सुरू होण्याआधीची बँकेची सवलतीची मुदत मात्र प्रवेशपत्रावर लिहिलेल्या दोन वर्षांपासूनच मोजली जाते. कोर्स लांबणार असेल तर विद्यापीठाचं पत्र देऊन ती वाढवून मागता येते, आणि हे पत्र मुदत संपायच्या आत शाखेत पोहोचायला हवं. आमच्या परीक्षा विभागाला ते द्यायला काही आठवडे लागतात, म्हणून प्रबंधाचा विषय नोंदवल्याच्या आठवड्यातच मी त्यासाठी अर्ज करणार आहे.